उडवलेत कशाला त्यांना?

टाळी वाजवली त्यानं. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, खणखणीत. एकीनं भागलं नाही म्हणून लागोपाठ आणखी दोन. समोर ओल्या चिखलावर छोट्या टिलव्यांचा थवा किडे टिपत होता, मी स्कोपला, म्हणजे तिकाटण्यावरच्या दुर्बिणीला, डोळा लावून १६३ पर्यंत मोजत आले होते, आणि माझ्या खांद्यामागून हा आवाज. अख्खा थवा वर. त्याच क्षणाला मागे सात-आठ कॅमेऱ्यांचा तडतडाट सुरू झाला, म्हणजे बोटं बटणावर ठेवून सगळे तयारच उभे होते. आधी कुणीतरी "रेडी?" म्हणालेलं मी ऐकलं होतं. मला वाटलं, ग्रुप फोटो काढताहेत.

फ्लाइट शॉट हवा होता त्यांना. बसलेल्या पक्ष्याच्या फोटोत म्हणे जान नसते.

आज सकाळच्या पक्षीनिरीक्षणाच्या ट्रिपमधलीच गोष्ट आहे. बुटांवरचा चिखल अजून ओला आहे, आणि हे लिहून काढल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

मी वळून विचारलं, "उडवलेत कशाला त्यांना?" टाळीवाला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मागेपुढे करत होता, त्यानं मानसुद्धा वर केली नाही. उत्तर दिलं ते ट्रिप लीडरनं. निघताना बसमध्ये उभं राहून 'शांतता पाळा, पक्ष्यांना त्रास होईल असं काही करू नका' असं ज्यानं पाच मिनिटं सांगितलं होतं, त्यानंच. म्हणाला, "ताई, पक्षीच आहेत ते. उडणारच की. बसतील परत."

पक्षीच आहेत ते, उडणारच की.

दिवसभर हे वाक्य डोक्यात घण घालतंय. अरे, उडणं फुकट असतं का? छोटा टिलवा म्हणजे २५-३० ग्रॅमचा जीव. आर्क्टिकच्या टुंड्रात अंड्यातून बाहेर येतो, तिथला उन्हाळा सरला की हजारो किलोमीटर दक्षिणेला येतो आणि पुढच्या मोसमात तेवढंच अंतर कापून परत जातो. ह्या सगळ्याचं इंधन म्हणजे अंगावरची चरबी. आणि ती चरबी येते ह्याच चिखलातून, चोचीनं एकेक किडा टिपून टिपून. पाणी चढलं की टिपणं थांबलं, वरून ससाणा फिरला की थांबलं. उरलेल्या वेळात पोट भरायचं. त्यात उडावं लागलं की खाणं बंद आणि खर्च सुरू. नुसतं उभं राहायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या कितीतरी पट उडायला लागते. हे नवख्याला ठाऊक नसेल तर मी समजू शकते. लीडरला ठाऊक नाही? आणि आम्ही काही आजचे पहिले नव्हतो. आमच्या आधी दोन बसगाड्या येऊन उभ्या होत्या. त्यांच्यातही एकेक टाळीवाला असणारच.

आणखी संताप कशाचा येतो सांगू? ह्याच लीडरनं येताना माइक हातात घेऊन बार-टेल्ड गॉडविट ह्या चिखलावर चरणाऱ्या स्थलांतरी पक्ष्याची गोष्ट सांगितली होती. २०२२ साली जो अलास्कातून निघाला आणि ११ दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला उतरला, वाटेत कुठेही न थांबता. पाच महिन्यांचं पिल्लू होतं ते. बसभर 'वा वा' झालं. पण तो पक्षी निघण्याआधी काय करतो, हे सांगितलं नाही. कितीतरी दिवस चिखलावर उभा राहून खातो, अंगावर चरबी चढवतो आणि मग वजन कमी करायला स्वतःचं पोट-आतडं आक्रसून घेतो. त्या १३,५६० किलोमीटरचा पहिला टप्पा चिखलावर असतो, आणि तिथे त्याला कुणी उठवायचं नसतं. हा पक्षी दोन तासांपूर्वी माइकवर 'निसर्गाचा चमत्कार' होता. त्याचे भाईबंद समोर आले तर 'पक्षीच आहेत ते'.

टिलव्यांच्या मागे थापट्या आणि तलवार बदकांची एक रांग झोपलेली होती. तीही उठली. त्यांच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं, कारण ती 'नुसती बदकं'. बदकांच्या झोपेवर १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. रांगेच्या टोकाला असलेलं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपतं, आणि तेवढा अर्धा मेंदू जागा राहतो. मधली बदकं दोन्ही डोळे मिटू शकतात, कारण टोकाचं जागं आहे. हे वाचल्यापासून मी झोपलेल्या बदकांच्या रांगेसमोर पाऊलसुद्धा जपून टाकते. आज त्या टोकाच्या तलवार बदकाचा उघडा डोळा मला स्कोपमधून स्पष्ट दिसत होता. आमच्याकडेच होता तो.

परत बसले का? नाही. चाळीस मिनिटं मी तिथे होते. टिलवे दोन घिरट्या घालून पलीकडच्या काठाकडे गेले, तिथे माणसं दिसली, मग आणखी पलीकडे. तेवढ्यात इकडे 'चला, पुढचा स्पॉट' सुरू झालं होतं.

निघालंच आहे तर सगळंच निघू दे.

तीस माणसांचा ग्रुप कशाला लागतो? तीस माणसं वाटेवरून चालली की ती वरात होते. पुढचे पाच पक्षी बघतात, मधले पंधरा त्या पाचांच्या पाठी बघतात आणि शेवटचे दहा ऑफिसातल्या बढत्यांवर बोलतात. मोठ्यानं बोलतात. मी दर वेळी आयोजकांना सांगते, दहाच्या वर माणसं घेऊ नका, आणि दर वेळी 'हो ताई, पुढच्या वेळी नक्की' असं उत्तर येतं आणि पुढच्या वेळी बस आणखी मोठी येते.

वेळेचं तर नावच काढू नका. उजाडल्यानंतरचे पहिले दोन तास म्हणजे झाडीतल्या पक्ष्यांचा सगळ्यात बोलका, सगळ्यात धावपळीचा काळ. ऊन चढलं की ते सावलीत गप्प होतात आणि मग वर गरम हवेवर तरंगणारे शिकारी पक्षी तेवढे उरतात. म्हणून तर अंधारात निघायचं असतं. आज दोघांसाठी पन्नास मिनिटं थांबलो. दोघं आले, बसले आणि पोचल्यावर त्यांनीच पहिली तक्रार केली की इथे काहीच नाहीये.

'काय मिळालं?' ह्या प्रश्नाची मला चीड आहे. समोरून दुसरा ग्रुप आला की 'काय मिळालं?' 'नवरंग मिळाला?' 'आम्हाला दोन लायफर मिळाले', म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेले पक्षी. मिळाला काय? हरवला होता का तो? पक्षी दिसतो, ऐकू येतो, कधी कधी आपल्याकडे बघतो. मिळते ती वस्तू. आणि एकदा वस्तू झाली की तिच्यावर टाळी वाजवायला, दगड भिरकवायला काहीच वाटत नाही. माझ्यासमोर एकदा दगड मारलेला आहे झाडीत, आतला पक्षी बाहेर यावा म्हणून. तेव्हा मी इतकं भांडले की त्या ग्रुपमध्ये मला पुन्हा बोलावलं नाही. बरंच झालं.

सगळ्यांना आकडा हवा. दिवसात ऐंशी झाले, शंभर झाले. १९०० साली फ्रँक चॅपमन नावाच्या अमेरिकन पक्षीतज्ज्ञानं नाताळची पक्षीगणना सुरू केली ती कशाच्या जागी? त्या काळी नाताळात दोन गट पाडून बंदुका घेऊन निघायचे आणि जो गट जास्त पक्षी-प्राणी मारेल तो जिंकायचा. चॅपमन म्हणाले, मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी २७ माणसं आली. त्या २७ जणांनी आपल्याला मोजायला शिकवलं, आणि आपण त्याची पुन्हा शर्यत करून टाकली. बंदूक तेवढी गेली. गट तेच, जिंकणं तेच, संध्याकाळी ढीग किती झाला ते विचारणंही तेच. आज थव्यातले किती टिलवे होते हे तीसपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. 'टिलवा' पुढे टिक झाली, संपलं.

आणि ते आवाज ओळखणारं अ‍ॅप. साधन चांगलं आहे, मीही वापरते. पण फोन वर धरायचा, पडद्यावर नाव आलं की यादीत टाकायचं आणि झाडाकडे मान वळवायचीच नाही, ह्याला काय म्हणावं? मागच्या वेळी एकानं फोन बघून 'शिक्रा, शिक्रा' केलं आणि लगेच नोंदवूनही टाकला. फांदीवर समोर भृंगराज बसला होता. सगळ्यांची नक्कल करणारा पक्षी, त्यानं शिक्र्याची केली. डोळे उचलले असते तर शेपटीची ती दोन लांब पिसं दिसली असती! मी म्हटलं, नोंद काढा. तर म्हणे, अ‍ॅप चुकत नाही. ह्या नोंदी पुढे अभ्यासक वापरतात, कुठला पक्षी कुठे वाढला, कुठून नाहीसा झाला हे त्यावरून ठरतं. तुमची थाप त्यात कायमची बसली.

स्पीकरवर कॉल वाजवणाऱ्यांवर मी आधीही लिहिलंय आणि पुन्हा लिहीन. विणीच्या काळात नर आपली हद्द राखत असतो. तुम्ही त्याच्या कानाशी दुसऱ्या नराची शीळ वाजवलीत की तो दाणापाणी सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूला शोधत येतो. फांदीवर छाती काढून उभा राहतो, जीव तोडून ओरडतो. तुम्ही म्हणता, काय सुंदर पोझ दिली! त्याला वाटतंय त्याचं घर जातंय. एका झुडपाभोवती तीन ग्रुप आणि तीन स्पीकर मी पाहिलेत, वीस मिनिटं. आतला नवरंग शेवटी आवाज करायचाच थांबला.

रातवा दिवसा जमिनीवर पाल्यात बसतो. हलत नाही, कारण न हलणं हाच त्याचा बचाव आहे. त्याच्याभोवती हातभर अंतरावर कोंडाळं करून 'बघा, किती कोऑपरेटिव्ह आहे' म्हणणाऱ्यांना मी काय सांगू? घाबरलेला आहे तो. पळाला तर दिसेल म्हणून बसलाय.

पक्षी लपून बघायला बांधलेल्या लपणात शिरताना दार आपटणं, झरोक्यातून कोपरापर्यंत लेन्स बाहेर काढणं, भडक पांढरे शर्ट, ढणाणा वाजणारे फोन. हे सगळं तुम्हालाही माहीत आहे, पुढे जाते.

कारण मला त्या मुलीबद्दल सांगायचंय.

आठेक वर्षांची होती, आईबरोबर आलेली. सकाळी मी तिच्या उंचीला स्कोप खाली करून दिला. तिला शेकाट्या दिसला. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग डोळा न काढता कुजबुजली, "ह्याचे पाय गुलाबी आहेत." कुजबुजायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी ह्या ट्रिपांना जाते ना, ती ह्याच्यासाठी. एखादं माणूस पहिल्यांदा दुर्बिणीतून बघतं आणि त्याचा आवाज आपोआप खाली येतो, तेवढ्या एका क्षणासाठी मी पन्नास मिनिटं उशीर सोसते, वरात सोसते, 'मिळालं'सुद्धा सोसते.

टाळी वाजली तेव्हा ती माझ्या शेजारीच होती. दचकली. थवा गेल्यावर तिनं विचारलं, "आता ते परत कधी येणार?" मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या तळ्यावर काठाशी एक राखी बगळा उभा होता, मासा धरायच्या बेतात. ही मुलगी सगळ्यांच्या पुढे धावत गेली, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि टाळी वाजवली. अगदी तशीच. बगळा उडाला. मोठी माणसं हसली. "शाब्बास! मस्त उडवलास!" कोण म्हणालं मी पाहिलं नाही, पाहिलं असतं तर तिथेच भांडण झालं असतं. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, खूश होऊन. तिचा काय दोष? पक्षी दिसला की काय करायचं असतं, ते तिला आज मोठ्यांनी दाखवलं. मी तिच्याजवळ बसून सांगितलं, की तो जेवत होता, आपण त्याला पानावरून उठवलं. तिचा चेहरा पडला. आणि ते वाईट वाटून घेणं त्या आख्ख्या बसमधल्या एकट्या त्या पोरीच्या वाट्याला आलं, ह्याचा राग माझा उद्याही जाणार नाही.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर फोटो आला होता. थवा आभाळात, खाली पाण्यात त्याची सावली. फोटो सुरेख आहे, नाही म्हणणार नाही. खाली लिहिलंय 'तुतवारांची भरारी'. तुतवार हा वेगळाच पक्षी, तुतवार नाहीत ते. अंगठ्यांचा आणि टाळ्यांच्या चित्रांचा पाऊस पडलाय. लीडरनं लिहिलंय, 'पुढच्या महिन्यात आणखी मोठे थवे, सीट बुक करा.' मी त्याखाली लिहिलं की हे छोटे टिलवे आहेत, हे टाळी वाजवून उडवलेले आहेत, आणि पुढच्या ट्रिपला बसमधल्या सूचना पक्ष्यांसमोरही लागू असणार का ते आधी सांगा. दोन तास झाले, उत्तर नाही.

मग मी तो फोटो मोठा करून टिलवे मोजायला घेतले. सकाळी अर्धवट राहिलेली मोजणी तरी पुरी व्हावी. ३८८ भरले. उजव्या कडेचे कापले गेलेत.