इंटर्नला खरा प्रश्न द्यावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप आधी इथे मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. सौरऊर्जा कंपनीत येणाऱ्या विद्यार्थी इंटर्नला पहिल्याच आठवड्यात प्रकल्पाची खरी आकडेवारी आणि एक खरा प्रश्न द्यावा, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हे पृथ्वी वाचवण्याचं गाजर दाखवून फुकट राबवून घेणं आहे. शिवाय दोन महिन्यांसाठी आलेल्या मुलांना त्यातलं कळणार काय?

फुकट राबवण्याबद्दल आपल्यात वादच नाही. विद्यावेतन दिलंच पाहिजे आणि त्याचा आकडा रुजू होण्याआधी लेखी कळवला पाहिजे. ते नसेल, तर घरी पैसा असलेली मुलंच हे काम करू शकतात. बाकीची दारातूनच परत जातात. या क्षेत्राला ते परवडणारं नाही.

कळणार काय, यावर मात्र माझं मत वेगळं आहे. एक साधा प्रश्न घ्या: पॅनेलवर छापलेली क्षमता भर दुपारी मिळत का नाही? ती क्षमता चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचं, म्हणजे पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या चकतीचं, तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. कडक उन्हात सेल ६० अंशांपर्यंत सहज तापतो. सिलिकॉन पॅनेलची क्षमता दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घटते असं धरलं, तर ३५ अंशांचे झाले सुमारे १२ टक्के. हा गुणाकार कुठल्याही विद्यार्थ्याला येतो. पण तो प्रकल्पाच्या वीजनिर्मितीच्या आलेखावर स्वतः ताडून पाहिला, की बिघाड कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, हे कळायला लागतं.

मग पुढचा प्रश्न. शेजारशेजारचे दोन इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसी विजेची एसी करणारी यंत्रं), पॅनेल त्याच प्रकारचे, तरी एकाची वीज कमी. रोज ठरावीक वेळीच आलेखात खड्डा पडत असेल तर सावलीचा संशय घ्यायचा. अख्खी स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलची माळ, बंद असेल तर घट दिवसभर दिसते. धूळ असेल तर ती हळूहळू वाढते आणि पाऊस पडला किंवा पॅनेल धुतले की भरून निघते. दुपारी आलेखाचा माथा सपाट झालेला दिसला, तर इन्व्हर्टर त्याच्या कमाल मर्यादेला पोचलेला असू शकतो. आम्हीही रोज हेच वाचतो. इंटर्नने महिनाभर चिकाटीने हे केलं, तर त्याचं निरीक्षण आमच्या कामी येतं, आणि ते कामी आलं हे त्यालाही दिसतं. नुसते तक्ते भरायला बसवलं, तर यातलं काहीच घडत नाही.

तुम्ही न विचारलेली, पण मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सुरक्षिततेची आहे. प्रश्न खरा द्यायचा, हात मात्र लावू द्यायचा नाही. इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलमध्ये व्होल्टेज असतंच. मोठ्या प्रकल्पात एका स्ट्रिंगला ते १५०० व्होल्टपर्यंत असू शकतं. प्रवाह चालू असताना कनेक्टर ओढला तर ठिणगीची कमान पेटते, आणि पॅनेलमधला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, प्रवाह घरातल्या एसी विजेसारखा क्षणोक्षणी शून्यावर येत नसल्याने ती आपोआप विझत नाही. म्हणून इंटर्नला स्वागताच्या पुष्पगुच्छाआधी बूट, हेल्मेट आणि सोबत फिरणारा एक जाणता तंत्रज्ञ द्यावा. त्या तंत्रज्ञाच्या इतर कामांतून तेवढा वेळ मोकळा करून द्यायची जबाबदारी व्यवस्थापनाची. बहुतेक ठिकाणी स्वागत फसतं ते इथेच.

वयाचं म्हणाल, तर प्रकाशातून वीज मिळते हे १८३९ मध्ये एदमों बेकरेल यांनी दाखवलं, तेव्हा ते १९ वर्षांचे होते. प्रयोगशाळा वडिलांची होती: साधनं हाताशी, विचारायला माणूस जवळ. तेवढं प्रत्येक इंटर्नला मिळावं, एवढंच मी मागतो आहे.

मुदतीबद्दलची तुमची शंका रास्त आहे. दोन महिन्यांत वर्षभराच्या उत्पादनाचा निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून प्रश्नही तेवढ्याच मापाचा निवडावा. आणि शेवटचं सादरीकरण साहेबांपुरतं ठेवू नये. पॅनेल धुणारे आणि दुरुस्ती करणारे लोक समोर असू द्यावेत. आलेखातला खड्डा नेमका कशामुळे पडला, हे बऱ्याचदा त्यांनाच ठाऊक असतं.