फियाटचा बुश

आमच्या फियाटचं स्टिअरिंग वर-खाली हलायला लागलं, तेव्हा घरात सर्वांत आधी गाडी विकायचा ठराव आला. तसा तो दर पावसाळ्यात येतो. वायपर अडकला तरी येतो. या वेळी मात्र त्याला अनुमोदनही मिळालं, कारण चिरंजीव मेकॅनिकलला आहेत. जेवताना ताटातली काकडी उचलून त्यानं समजावलं, की हल्लीच्या गाड्यांचा स्टिअरिंग कॉलम समोरून धडक बसली की आतल्या आत दबतो, अमेरिकेत तर १९६८ पासून तसा नियमच आहे, आणि आपल्या गाडीचा मूळ आराखडा त्याच्याही आधीचा, १९५०च्या दशकातला. "म्हणजे आपला दांडा सरळ. तो दबत नाही." न दबणारा दांडा काय करतो, हे त्यानं काकडी माझ्या छातीला टेकवून दाखवलं. हिनं काकडी त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "विका."

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी. पद्मिनी हे नाव १९७४ साली मिळालं, पण कोल्हापुरात तिला फियाटच म्हणतात. बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. गुडघे धरायला लागल्यावर बाबा स्टिअरिंगला लोंबकळून आत बसायचे आणि स्टिअरिंगला लोंबकळूनच बाहेर यायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. शेवटी कॉलमच्या वरच्या टोकाचा बुश, म्हणजे आतला फिरता दांडा (शाफ्ट) ज्यात बसतो ती बारकी नळी, झिजून संपला आणि डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटला चीर गेली. यात गाडीचा काही दोष नाही, आणि बाबांचा आहे असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही.

फियाटच्या गिअरची दांडीही याच कॉलमवर. त्यामुळे कॉलम ढिला झाला की दुखणं एकाचं दोन होतं. वळायला जावं तर स्टिअरिंग आधी जरा वर उचललं जायचं, मग गाडी वळायची. दुसरा गिअर टाकला तर तो दुसराच पडलाय का, हे क्लच सोडल्यावर कळायचं. दसरा चौकात सिग्नल सुटल्यावर मी दांडीशी झटत होतो आणि मागचे लोक हॉर्न वाजवून मला प्रोत्साहन देत होते.

मिस्त्रींनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून हलवलं, खाली वाकून बॅटरी मारली आणि निकाल दिला. "कॉलम उतरवाय लागतोय." कधी मिळेल, असं मी विचारलं. "उतरवून आज मिळंल. बसवून कधी, त्ये पार्टावर हाय."

उतरवण्याचं काम मात्र बघण्यासारखं होतं. आधी हॉर्नचं बटण निघालं, मग मधला नट. स्टिअरिंग बाहेर ओढायच्या आधी मिस्त्रींनी सेंटर पंच घेतला आणि शाफ्टच्या टोकावर एक नि स्टिअरिंगच्या मधोमध एक असे समोरासमोर दोन ठिपके मारले. शाफ्टला बारीक दाते असतात. एक दाता जरी इकडचा तिकडं झाला तरी गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग वाकडं दिसतं. मग पुलर लावून स्टिअरिंग हळूहळू सोडवलं. पोऱ्या हातोडा घेऊन पुढं झाला, तेव्हा मिस्त्रींनी नुसतं बघितलं. त्यानं हातोडा जागेवर नेऊन ठेवला. कॉलम बाहेर आला आणि त्याच्यामागच्या खोबणीतून आईची हेअरपिन, सुपारीचं पाकीट आणि वीस पैशांचं षटकोनी नाणं बाहेर पडलं. वरचा बुश म्हणजे चिमूटभर काळा भुगा उरला होता. मिस्त्रींनी तो माझ्या तळहातावर ठेवला. अस्थी दिल्यासारखा.

आता पार्टाचा शोध. स्पेअर पार्टच्या दुकानात फियाट म्हटल्यावर काउंटरवरच्या माणसाचा चेहरा उजळला. त्यानं चहा मागवला. त्याचा चुलता फियाटमधून सहकुटुंब तिरुपतीला गेला होता, पुढच्या बाकड्यावर तिघं आणि मागं किती ते विचारायचं नाही. घाटात रेडिएटर उकळला तेव्हा त्यात काय ओतलं, इथवर गोष्ट आली आणि चहा संपला. बुश? "न्हाई ओ. कधीच बंद झालाय." पुढच्या दुकानात बुश नव्हता, पण मालकाची पहिली शिकवणी फियाटवर झाली होती. त्याच्या पुढच्या दुकानात बुश नव्हता आणि मालकही नव्हता, तरी गिऱ्हाइकांतल्या एकानं मला थांबवून घेतलंच. फियाटचा पार्ट कुणाकडं नाही, आठवण प्रत्येकाकडं आहे आणि ती फुकट मिळते.

मग डोंबिवलीच्या मेहुण्याला कुर्ल्याच्या भंगार बाजारात पाठवलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी मोडीत निघत होत्या, तोवर तिथं फियाटच्या भागांना तोटा नव्हता. पण टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली. म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरात तोही झरा आटला. तरी मेहुण्यानं जिद्दीनं एक कॉलम पैदा केला आणि पार्सलनं पाठवला. कॉलम सुरेख होता. फक्त त्याला गिअरची दांडी लावायची सोयच नव्हती; फरशीवर गिअर असलेल्या कुठल्या तरी गाडीचा तो. विकणाऱ्याला फोन लावला. "सेम टू सेम आहे शेठ," तो म्हणाला, "थोडं ॲडजस्ट करून घ्या." थोडं म्हणजे गिअरबॉक्स.

मिस्त्रींनी तो कॉलम कोपऱ्यात उभा केला (हल्ली त्यावर पोऱ्याचा शर्ट वाळतो) आणि आमचाच कॉलम बारदानात गुंडाळून माझ्या हवाली केला. "उद्यमनगरात जावा. पयल्यांदाच तितं जायला पायजे हुतं." हे त्यांनी पहिल्यांदाच का सांगितलं नाही, ते विचारायची माझी टाप नव्हती. जाताना एवढंच बजावलं, "ब्रॅकेटला खुशाल वेल्डिंग मारू द्या. शाफ्टला कुणी वेल्डिंग लावतो म्हटला, तर तिथनं उठून या. चालत्या गाडीत शाफ्ट तुटला तर देव बी मदतीला येत न्हाई."

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वस्तू मागायची नसते, माप द्यायचं असतं. लेथवाल्यानं शाफ्ट व्हर्निअरमध्ये धरला, फिरवून पुन्हा धरला आणि बुश जिथं बसायचा तिथं पडलेली खाच नखानं दाखवली. खाच भरायची नाही. तेवढी जागा लेथवर घासून एकसारखी करायची आणि त्या मापाचा बुश नवा काढायचा. "गनमेटलचा करू का नायलॉनचा?" मी गंभीर चेहरा केला. बाजूच्या शेडमधले दोघं येऊन उभे राहिले. गनमेटल टिकतं, पण ग्रीस द्यावं लागतं आणि नाही दिलं तर कुरकुरतं. नायलॉन बोलत नाही, पण उन्हात गाडी लावली तर फुगून शाफ्ट आवळेल, असं एकाचं म्हणणं. चर्चा रंगली. मला कुणी विचारलं नाही, हे एका अर्थी बरंच झालं. बहुमतानं गनमेटल ठरलं.

बुश बघता बघता कापून झाला. गरम, पिवळाधमक, बोटात फिरवावा असा. पण तेवढ्यात आतून लेथवाल्याचे वडील, आण्णा, बाहेर आले. "फियाटचा हाय व्हय?" झालं. आण्णांची वरात फियाटमधून निघाली होती. गाडी कुणाची, नंबर काय, फुलं कुणी लावली, वाटेत कुठल्या तालमीसमोर थांबवून ठेवली आणि सासऱ्यांनी त्यावरून किती वर्षं ऐकवलं. लेथ बंद झालं. मिस्त्री दुकानात वाट बघत होते आणि बुश आण्णांच्या मुठीत होता. गोष्टीतला नवरदेव घरी पोचेपर्यंत मूठ काही उघडली नाही. बुशाचे पैसे तर त्यांनी घेतलेच नाहीत. घासकामाचे तेवढे मुलानं घेतले, तेही आण्णा चहा सांगायला वळल्यावर.

दुसऱ्या दिवशी कॉलम चढला. ठिपक्याला ठिपका जुळला. स्टिअरिंग हलायचं थांबलं, दुसरा गिअर दुसऱ्यातच पडायला लागला. मी रंकाळ्याला चक्कर मारली आणि तसाच परत मिस्त्रींकडं आलो.

"मिस्त्री, डावीकडं वळलं की हॉर्न वाजतोय."

त्यांनी बोनेटवर हात टेकला, कान दिला, मला डावीकडं वळवायला सांगितलं. वाजला.

"वळताना हॉर्न द्यायचाच असतोय की, सायेब."

"अहो, पण उजवीकडं वळताना वाजत नाही."

"व्हय का?" ते जरा विचारात पडले. "मंगळवारी आणा. तिकडचा बी करून देतो."