जेफरसनचं सुविचार-कार्ड कसं बनवावं

परवा पुन्हा आलं. तिरंगी किनार, गुलाबाचं फूल, खाली 'सतत जागरूक राहणं ही स्वातंत्र्याची किंमत – थॉमस जेफरसन'. जेफरसन म्हणजे अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष. फोटो मात्र त्याच्या काळातल्या दुसऱ्याच नेत्याचा, बेंजामिन फ्रँकलिनचा. पुढच्या पंधरा ऑगस्टला तरी काम नीट व्हावं म्हणून ही कृती.

फोटो: शंभर डॉलरच्या नोटेवर असतो तो फ्रँकलिन. जेफरसन दोन डॉलरच्या नोटेवर. पण राहू द्या, कोण बघतंय!

वचन त्याचंच असायला हवं अशी काही अट नाही. जागरूकतेचं ते वाक्य त्याच्या कागदपत्रांत कुठेही सापडत नाही. भारदस्त वाटतंय ना? मग झालं.

जोश हवा असेल तर 'स्वातंत्र्याच्या झाडाला देशभक्तांचं आणि जुलमी सत्ताधाऱ्यांचं रक्त' हे घ्या. हे मात्र अस्सल, 13 नोव्हेंबर 1787 ला पॅरिसहून लिहिलेल्या पत्रातलं. विषय मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकऱ्यांचं बंड. बंडखोरांचा गैरसमज झालाय, त्यांना खरी परिस्थिती समजावा, माफ करा, शांत करा, असंही त्याच पत्रात आहे. ते छापू नका, सगळी मजा जाते.

युद्ध: शांततेचं कार्ड असेल तर त्याने 1801 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीवर धाडलेलं आरमार विसरा. शौर्याचं असेल तर लढाई टाळण्यासाठी 1807 मध्ये घातलेली व्यापारबंदी विसरा.

आता गुलामगिरी. इथे हात साफ हवा, आणि त्यासाठी वॉशिंग्टनच्या जेफरसन स्मारकाला गुरू करा. 1943 मध्ये खुल्या झालेल्या या स्मारकाच्या भिंतीवर कोरलंय: हे लोक स्वतंत्र होणार, याहून निश्चित असं नियतीच्या ग्रंथात काहीच लिहिलेलं नाही. वाक्य 1821 च्या आत्मचरित्रातलं. त्याला लागूनच तो म्हणतो की दोन्ही वंश सारखेच स्वतंत्र होऊन एका राज्यात नांदू शकणार नाहीत, हेही तितकंच निश्चित. मग येते त्यांना देशाबाहेर पाठवण्याची भाषा. भिंतीवर हे सगळं गायब! त्या जागी 1786 च्या एका पत्रातली सामान्य जनतेच्या शिक्षणाची ओळ चिकटवली आहे. वाचणाऱ्याला वाटतं, हा गृहस्थ गुलामांना मुक्त करून शाळेत घालायला निघाला होता. त्याच्या मोंटिसेलोच्या मळ्यावर दहा ते सोळा वर्षांची गुलाम पोरं भट्टीसमोर खिळे घडवत होती. कुणी किती खिळे बनवले, किती लोखंड वाया घालवलं, याचा हिशेब जेफरसन स्वतः मांडायचा. आयुष्यभरात सहाशेच्या वर माणसं त्याच्या मालकीची होती. जिवंतपणी मुक्त केली दोन, मृत्युपत्राने पाच. कर्ज डोईजड झालेलं, त्यामुळे तो गेल्यावर जानेवारी 1827 मध्ये मोंटिसेलोवर माणसांचा लिलाव झाला. जाहिरातीतला आकडा होता 130. बसवा हे गुलाबाच्या फुलाखाली!

गुलामांची आयात बंद करणाऱ्या 1807 च्या कायद्यावर सहीही त्याचीच आहे. माणूस असा गुंतागुंतीचा असतो, आणि म्हणूनच त्याला वाचायचं असतं, कापून डकवायचं नसतं. निदान महाराष्ट्रात तरी हे सांगायला लागू नये. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकनांना. नुसती सुंदर वाक्यं लिहिणाऱ्यांना नाही.

पुढे ढकलण्याआधी एक वाक्य वरचं आणि एक खालचं वाचायला तुमचं काय जातं हो? त्याची पत्रं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहेत. तारीख टाकली की पत्र समोर येतं. तेवढंही होत नसेल तर 'शुभ सकाळ' पाठवा आणि गप्प बसा.