दर जूनला तेरावा महिना

कागदाची रिम. पाचशे पांढऱ्या कागदांची, ए-फोर, अख्खी. साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी!

काल संध्याकाळी पाळणाघराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी पडली. एक रिम, वाइप्सची चार पाकिटं, टिश्यूचे दोन डबे, हँडवॉशचं रिफिल, जाड क्रेयॉन, अर्ध्या किलोची फेव्हिकॉलची बरणी, घोटीव कागदांचे दोन संच. सोमवारपर्यंत, प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव घालून. खाली हात जोडलेले दोन इमोजी. त्या हात जोडण्याची मला आता चीड येते. दर वेळी खिशात हात घालायचा असला की आधी ते येतात.

मी पुण्यात बाणेरच्या सिग्नलला रिक्षात बसून यादी वाचली आणि लगेच बँकेचा मेसेज शोधला, कारण मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. चुकत नव्हतं. चारच दिवसांपूर्वी 4,500 रुपये गेले होते, 'मटेरियल फी' म्हणून. मटेरियल म्हणजे साहित्य ना? मग कागद, रंग, गोंद हे साहित्य नाही तर काय आहे?

आज सकाळी पोरीला सोडताना हेच विचारलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मटेरियल फी वेगळी, हे कन्झ्युमेबल्स आहेत." मी म्हटलं, मग मटेरियल फीमध्ये काय येतं ते सांगा. "ते लर्निंग मटेरियल असतं." आणि अ‍ॅक्टिव्हिटी किटचे 2,200 घेतले ते? "ते किटचे, मॅडम." किट कुठे आहे? "ते सेंटरलाच राहतं." म्हणजे ज्या किटचे पैसे मी भरले ते मला कधी दिसणार नाही, घरी येणार नाही, आणि पुढच्या जूनला पुन्हा त्याचेच पैसे भरायचे. माझा आवाज चढला. मागे दोन आया आणि एक आजोबा उभे होते, पोरगी माझी ओढणी ओढत होती. पण चढला.

आणि नेमकं तेव्हाच आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडं होतं. खालच्या खणात रिमा रचलेल्या होत्या. वेष्टनसुद्धा न फाडलेल्या. त्यांच्यावर मुलांची नावं होती, मार्करने लिहिलेली. त्यातली दोन मुलं गेल्या वर्षीच पाळणाघर सोडून शाळेत गेली. एक तर आमच्याच इमारतीतला आहे, त्याच्या आईने ती रिम माझ्याबरोबर डेक्कनच्या दुकानातून घेतली होती. वर्षभर ती तिथेच पडून आहे. आणि मला सांगतात, आणखी आणा!

रि-रजिस्ट्रेशन तर याहून संतापजनक. 6,000 रुपये, दर वर्षी. पहिल्या वर्षी मी समजून घेतलं. जागा राखायची असते, फॉर्म, फाइल, लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स, ठीक आहे. पण ही तिसऱ्यांदा नोंदणी आहे. पोरगी दीड वर्षाची असल्यापासून तिथे रोज नऊ तास असते. तिला शेंगदाणे चालत नाहीत, झोपताना उजव्या कुशीवर लागतं, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ आहे. मग नोंदणी कोणाची करताय? उत्तर मिळालं, "सिस्टिममध्ये नवीन अ‍ॅकॅडमिक इयरची एंट्री करावी लागते." पुन्हा तोच चार पानी फॉर्म, पुन्हा आधारची झेरॉक्स, पुन्हा सहा फोटो. सहा! पोलिसांनासुद्धा इतके लागत नाहीत. 15 तारखेनंतर भरलं तर वर 500 रुपये उशिराचे.

रात्री मी आणि नवरा हिशोब करत बसलो. महिन्याचे 11,500. नोंदणी, मटेरियल आणि किट मिळून वर्षाचे सुटे 12,700. म्हणजे एका महिन्याच्या फीहून जास्त. आजी कशाला वैतागली की म्हणायची, दुष्काळात तेरावा महिना. आमच्याकडे तो दर जूनला येतो, पाऊस यायच्या आधी.

मला एकच म्हणायचंय. 12,700 ला बाराने भागा. महिन्याला 1,058 रुपये होतात. मग सरळ सांगा ना, आमची फी 12,560 आहे. मी भरेन. कुरकुर करेन आणि भरेन, कारण मला कामावर जायचंय आणि माझी मुलगी तिथे सुरक्षित असते. पण तसं सांगत नाहीत. का, तेही मला कळतं. नवीन आईबाप चार ठिकाणी फोन करतात आणि महिन्याचा आकडा विचारतात. तो लहान दिसायला हवा. आणि महिन्याच्या फीत मिसळलेले पैसे मूल ऑक्टोबरात सोडून गेलं की थांबतात. जूनमध्ये नोंदणी म्हणून घेतलेले थांबत नाहीत, परतही द्यावे लागत नाहीत. फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ते छापलेलं आहे, नॉन-रिफंडेबल. बंगल्याचं भाडं असतं, एसी असतात, मे महिन्यात निम्मी मुलं गावी जातात, डिपॉझिट भरायचं असतं. मान्य. चालवणं सोपं नाही. मग तेच सांगा! भाडं वाढलं म्हणून फी वाढवली असं तोंडावर सांगणाऱ्याशी मी भांडत नाही. एकाच पैशाला पाच नावं देऊन पाच वेळा मागणाऱ्याशी भांडते.

निदान ते पैसे मावशींना मिळत असते तर मी ब्र काढला नसता. पोरीला शी झाली की धुणाऱ्या मावशी, ताप आला की मांडीवर घेऊन बसणाऱ्या मावशी, संध्याकाळी "ताई, आज तिने वरणभात पूर्ण संपवला" असं सांगायला दारापर्यंत येणाऱ्या मावशी. त्यांना महिन्याला हातात किती पडतं ते मला ठाऊक आहे. आकडा लिहीत नाही, त्यांची नोकरी जायची. एवढंच सांगते की तो माझ्या एका मुलीच्या महिन्याच्या फीपेक्षा कमी आहे, आणि त्या खोलीत दहा मुलं असतात.

आता बोलतेच आहे तर सगळंच बोलते. गेल्या मे महिन्यात दोन आठवडे 'समर ब्रेक' म्हणून बंद ठेवलं, फी पूर्ण घेतली. पावसात तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा तीन दिवस बंद, एक रुपया वजा नाही. पण मी चांदणी चौकात अडकून वीस मिनिटं उशिरा पोचले तर 200 रुपये. मार्चमध्ये 'ग्रॅज्युएशन डे'. अडीच-तीन वर्षांच्या मुलांना काळा झगा आणि टोपी, भाडं 450. पोरगी टोपी पडते म्हणून पूर्णवेळ रडली, आणि ते रडतानाचे फोटो परत 300 रुपयांना. यलो डे, ब्लू डे, मँगो डे. पिवळा फ्रॉक नव्हता म्हणून रात्री नऊ वाजता मी तुळशीबागेत धावले आणि दुकानं बंद झाली होती.

पावतीचं तर विचारूच नका. आयकराच्या जुन्या पद्धतीत दीड लाखाच्या वजावटीत मुलांची ट्यूशन फी धरता येते, प्लेस्कूलचीसुद्धा. डोनेशन, डेव्हलपमेंट फी असलं काही चालत नाही. आमच्या पावतीवर 'ट्यूशन' या शब्दासमोर इतका छोटा आकडा असतो की कंपनीचा अकाउंट्सवाला दर वर्षी मला फोन करून विचारतो, मॅडम, बाकीची पावती कुठे आहे?

कंपनीचं नाव काढलंच आहे तर. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. 26 आठवड्यांची रजा आली, आणि 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, असंही आलं. आमच्याकडे पन्नास काय, एका मजल्यावर त्याच्या चौपट माणसं बसतात. कंपनीने काय केलं, तर याच पाळणाघराशी 'टाय-अप'. ते ऑफिसपासून सहा किलोमीटरवर आहे. हिंजवडीच्या रस्त्याने दिवसातून चार वेळा जाऊन येऊन दाखवा मला कोणीतरी. सवलत दहा टक्के, तीही फक्त महिन्याच्या फीवर. रजिस्ट्रेशनवर लागू नाही. मटेरियलवर लागू नाही.

आणि तक्रार करायची तर कुठे? शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमात कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीच्या वर पैसे, घ्यायला बंदी आहे, घेतली तर दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. माझी मुलगी साडेतीनची. सगळ्यात लहान, सगळ्यात परावलंबी मुलांच्या वाट्याला सगळ्यात कमी कायदा येतो, याचा मला मनापासून राग आहे.

त्या पाळणाघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात 'मॉन्टेसरी' लिहिलंय. रोज ते वाचून मला डहाणूजवळचं कोसबाड आठवतं. डी.एड.ला असताना माझी आई तिथे सहलीला जाऊन आली होती, ती अजून सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी काम केलं. ताराबाईंना मॉन्टेसरीची महागडी साधनं माहीत होती, आणि ती या मुलांना परवडणार नाहीत हेही माहीत होतं. म्हणून त्यांनी शिंपले घेतले, बिया घेतल्या, पानं, खडे, माती घेतली. मोजायला चिंचोके. ते लर्निंग मटेरियल होतं. माझी पोरगी घरी आजही चिंचोक्यांनी तासभर खेळते, आणि मी तिच्यासाठी न दिसणाऱ्या किटचे 2,200 भरते.

सकाळी घरी परत येऊन मी मेल लिहिली. तीन प्रश्न विचारले. 4,500 मध्ये काय येतं, किट कधी बघायला मिळेल, आणि तिसऱ्यांदा नोंदणी करताना नेमकं कोणतं काम होतं. प्रत्येक रकमेची वेगळ्या नावाने पावतीही मागितली आहे. अजून उत्तर नाही. रजिस्ट्रेशनचे 6,000 मात्र दुपारीच भरले, कारण 15 तारीख जवळ आलीय आणि दुसऱ्या पाळणाघरात तिला नव्याने रडवायची माझ्यात ताकद नाही.

सोमवारी वाइप्स नेणार, हँडवॉश नेणार, टिश्यूही. ते मावशींच्या हाताशी लागतं. रिम नेणार नाही. ती त्यांनी कपाटातून काढावी.