कोडॅकला भविष्य दिसत होते: दूरदृष्टीच्या एका लाडक्या दाव्याचा प्रतिवाद

व्यवसाय तरतो तो नेत्याच्या दूरदृष्टीवर. ज्यांना उद्याचे दिसले ते जगज्जेते झाले आणि ज्यांना दिसले नाही ते संपले, असे एक विधान उद्योजकतेवरील व्याख्यानांत आणि समाजमाध्यमांवर सतत फिरत असते. दाखल्याला एका बाजूला फिल्म आणि कॅमेरे बनवणारी कोडॅक आणि दुसऱ्या बाजूला ॲपल ठरलेली. दूरदृष्टीला किंमत नाही असे माझे म्हणणे नाही. पण हे दाखले तपासले, तर ते भलतेच काही सांगतात.

कोडॅकला डिजिटल छायाचित्रण दिसलेच नाही, हा पहिला दावा. प्रत्यक्षात १९७५ मध्ये स्टीव्ह सॅसन या कोडॅकच्याच अभियंत्याने डिजिटल कॅमेरा बनवला होता. तो एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घेत असे. पुढे २००५ मध्ये अमेरिकेतील डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत कोडॅक पहिल्या क्रमांकावर होती. तरीही जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारण फिल्म, कागद आणि रसायने यांवर सुटणारा नफा डिजिटल कॅमेऱ्यात कधीच नव्हता. उद्या काय येणार हे ठाऊक असूनही त्या उद्यावर एवढा मोठा पसारा पोसायचा कसा, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते, आणि हा प्रश्न दृष्टीचा नसून हिशेबाचा आहे.

दुसरा दावा असा की, ॲपल केवळ स्टीव्ह जॉब्स यांच्या कल्पनाशक्तीने वाचली. १९९७ च्या आर्थिक वर्षात एक अब्ज डॉलरहून अधिक तोटा झालेल्या त्या कंपनीत परतल्यावर जॉब्स यांनी उत्पादनांच्या यादीला कात्री लावली आणि प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टकडून १५ कोटी डॉलरची गुंतवणूक घेतली. १९९८ मध्ये आलेल्या टिम कुक यांनी गोदामे बंद केली आणि महिनाभर पडून राहणारा माल काही दिवसांवर आणला. व्यासपीठावरून सांगण्यासारखे यात काही नाही, म्हणून ते कोणी सांगतही नाही. शिवाय आयफोनवर बाहेरच्यांनी बनवलेली ॲप्स चालू द्यायला जॉब्स यांचा सुरुवातीला विरोध होता. सहकाऱ्यांच्या आग्रहापुढे ते नमले आणि २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू झाले.

दिशा वरून ठरते आणि खालचे लोक ती फक्त अमलात आणतात, हा तिसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो. इंटेलने १९८५ मध्ये मेमरी चिपचा, म्हणजे आपल्या मूळ उत्पादनाचा, व्यवसाय सोडून मायक्रोप्रोसेसरवर, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेल्या चिपवर, भर दिला, ही गोष्ट धाडसी दूरदृष्टीची म्हणून सांगितली जाते. पण कारखान्यातील क्षमता कोणत्या उत्पादनाला द्यायची, यासाठी तिथे आधीपासून एक रुक्ष नियम होता: सिलिकॉनच्या एका चकतीमागे ज्यात जास्त नफा, त्याला प्राधान्य. जपानी कंपन्यांनी मेमरीचे भाव पाडल्यावर नियोजन करणारे मधल्या फळीतील लोक या नियमाने मायक्रोप्रोसेसरकडे क्षमता वळवत गेले. वरिष्ठ मात्र तोवर स्वतःला मेमरी कंपनीच समजत होते आणि संशोधनाचा मोठा वाटा तिकडेच जात होता. अँड्र्यू ग्रोव्ह आणि गॉर्डन मूर या कंपनीच्या प्रमुखांनी मेमरी सोडण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा इंटेलच्या उत्पन्नात मेमरी चिपचा वाटा अगदी किरकोळ उरला होता. खालून आलेले आकडे त्यांनी उशिरा का होईना, मानले, हे त्यांचे श्रेय मोठेच आहे. पण ते द्रष्टेपणाचे नव्हे.

शंका घेणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा, हा उरलेला सल्ला तर जिंकलेल्यांचीच चरित्रे वाचून तयार झालेला आहे. मोटोरोलाच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या इरिडियमने ६६ उपग्रहांचे जाळे उभारून नोव्हेंबर १९९८ मध्ये जगात कुठूनही बोलता येईल अशी दूरध्वनी सेवा सुरू केली. उपकरण जड आणि महाग होते, इमारतीच्या आत ते चालत नसे, आणि तोवर साधे मोबाइल शहरोशहरी पोहोचले होते. ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. किराणा घरपोच देणाऱ्या वेबव्हॅनने पुरेसे ग्राहक जमण्याआधीच महागड्या स्वयंचलित गोदामांवर पैसा ओतला आणि जुलै २००१ मध्ये गाशा गुंडाळला. दोघांनाही दिसलेले भविष्य पुढे खरे ठरले, फक्त तोवर त्यांची तिजोरी टिकली नाही.

याउलट लुई गर्स्टनर १९९३ मध्ये डबघाईला आलेल्या आयबीएमचे प्रमुख झाले आणि कंपनीला सध्या सर्वांत कमी गरज कशाची असेल तर ती भविष्यदर्शी संकल्पनेची, असे त्यांनी पत्रकारांपुढे सांगितले. त्यावरून त्यांची भरपूर टिंगल झाली. कंपनीचे तुकडे करण्याची आधीची योजना मात्र त्यांनी रद्द केली, आणि ही दूरदृष्टीच होती असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. फक्त त्याबरोबरच त्यांनी मेनफ्रेमचे, म्हणजे मोठ्या संस्थांसाठीच्या अवाढव्य संगणकांचे, दर उतरवले, खर्चाला कात्री लावली आणि मोठ्या ग्राहकांकडे स्वतः जाऊन त्यांच्या तक्रारी ऐकल्या, हेही त्याच यादीत लिहावे लागेल.