‘ज्याच्यात आहे त्याच्यात ते असतंच’: एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखात मी आयबी डिप्लोमाच्या (अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) दोन वर्षांत रंगभूमी हा विषय घेणाऱ्या मुलांच्या तालमींबद्दल लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोन दिवस मनात घोळत राहिली, म्हणून उत्तराला उशीर झाला. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या मुलीला हा विषय हायर लेव्हलला, म्हणजे जास्त तासांच्या वरच्या पातळीवर, घ्यायचा आहे आणि तुमचा त्याला विरोध आहे. नाटक ही आवड आहे, ती शाळा सुटल्यावर जोपासावी, असं तुमचं म्हणणं. त्याचा विषय केला की एक तर तो गुण मिळवायचा सोपा रस्ता होतो, नाहीतर वह्या आणि अहवालांखाली नाटक गुदमरतं. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘ज्याच्यात आहे त्याच्यात ते असतंच. ज्याच्यात नाही त्याला दोन वर्षं शिकवून काय होणार?’

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे आक्षेप त्याच्याच पोटातून निघालेत.

‘ते’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर रंगमंचाच्या मधोमध उभं राहून सभागृह ताब्यात घेणारं पोर आहे. अशी मुलं असतात, आणि त्यांना पाहताना मलाही भरून येतं. पण या अभ्यासक्रमात गुण त्या देणगीला मिळत नाहीत. इथे लेखी परीक्षा नाही. स्टँडर्ड लेव्हलला तीन कामं असतात, हायरला चार. एखाद्या संहितेचा प्रयोग आपण कसा उभा करू याचा प्रस्ताव. जगातल्या एका नाट्यपरंपरेचं संशोधन आणि सादरीकरण. गटाने मिळून रचलेलं नवं नाटक. आणि फक्त हायरवाल्यांसाठी, एखाद्या रंगकर्मीच्या सिद्धांतावर उभा केलेला एकट्याचा प्रयोग. या शेवटच्या कामाला ३५ टक्के गुण आहेत. मुलांनी रचनाकार, डिझायनर, दिग्दर्शक आणि सादरकर्ता अशा चारही बाजूंनी विचार करावा अशी अपेक्षा असते. म्हणजे अभिनय हा चारातला एक भाग. आणि प्रश्न मात्र सगळीकडे तोच येतो. प्रेक्षकाच्या मनात तुला काय घडवायचं होतं, त्यासाठी तू काय केलंस, आणि ते घडलं का?

माझ्याकडे एक मुलगा होता. सुरुवातीचे काही महिने तो वर्गासमोर उभा राहिला की आवाज घशातच अडकायचा. प्रस्तावासाठी त्याने निवडलेल्या संहितेत एक जागा होती. आई मुलाशी खोटं बोलते आणि मुलाला ते कळतं. पहिल्या आराखड्यात त्याने लिहिलं, ‘दिवे मंद होतील, वातावरण गंभीर होईल.’ मी विचारलं, गंभीर म्हणजे काय? आणि कोणासाठी? मग आठवडाभर तो दोन टेबललॅम्प आणि दोन मित्र घेऊन अंधाऱ्या खोलीत बसला. उजेड बाजूने टाकला की आईचा अर्धा चेहरा जातो. खालून टाकला की ती भुतासारखी दिसते, आणि प्रेक्षक तिला दोषी ठरवून मोकळा होतो. त्याला तसं नको होतं. त्याला आईची कीव यायला हवी होती. शेवटी त्याने आईवरच्या उजेडाला हातच लावला नाही. मुलावरचा उजेड मात्र इतका सावकाश उतरवला की तो कधी कमी झाला ते कळू नये, नुसतं ते मूल लांब गेल्यासारखं वाटावं. तो मुलगा पुढेही फार चांगला नट झाला नाही. तुमच्या ‘ते’मध्ये तो कुठेच बसणार नाही. पण त्या अंधाऱ्या खोलीत मी जे पाहिलं ते रंगभूमीचं अस्सल काम होतं, आणि ते त्याला आधी येत नव्हतं. ते त्याला शिकता आलं.

आता ‘शाळा सुटल्यावर जोपासावी’ याबद्दल. शाळेनंतरचं नाटक मला अतिशय प्रिय आहे, मी स्वतः त्यातूनच आले. पण तिथे प्रयोगाची तारीख ठरलेली असते. दिग्दर्शक सांगतो, डाव्या विंगेतून ये, तिसऱ्या पावलाला थांब, मग वळ. का थांबायचं, हे विचारायला कोणाकडे वेळ नसतो, आणि विचारलं तर तालीम अडते. वर्गात तो ‘का’ विचारण्यासाठीच तास ठेवलेले असतात. हायर लेव्हलला २४० तास, स्टँडर्डला १५०. त्यातल्या कितीतरी तालमी फसतात आणि त्या फसण्यातून काय कळलं यावरच पुढचं काम उभं राहतं. प्रयोग पंधरा दिवसांवर आलेला असताना कोणता दिग्दर्शक ही मोकळीक देईल?

एक उदाहरण मी सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या मनात या विषयाचं जे काही मोल आहे ते त्यात आलेलं आहे.

एका मुलीने संशोधनासाठी जपानची नो ही मुखवटे वापरणारी जुनी नाट्यपरंपरा निवडली. ती लहानपणापासून नाच शिकलेली, अंग चपळ, पाहिलेलं पटकन उचलणारी. नोमधली ‘सुरिआशी’ ही चाल तिने विषय म्हणून घेतली. टाच जमिनीवरून उचलायची नाही, गुडघे किंचित वाकवायचे, कंबर खाली ठेवायची आणि पाऊल घासत पुढे न्यायचं. दोन दिवसांत तिने ते करून दाखवलं. दिसायला सुरेख होतं. तिला वाटलं काम झालं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर मलाही तसंच वाटलं. मग ती पुठ्ठ्याचा मुखवटा करून त्यामागून चालायला लागली आणि तिसऱ्या पावलाला थबकली. नोच्या मुखवट्याची डोळ्यांची भोकं फार लहान असतात. मुखवटा घालणाऱ्या मुख्य नटाला, ‘शिते’ला, स्वतःचे पायही दिसत नाहीत. रंगमंचाच्या कोपऱ्यांवर चार खांब असतात, त्यातल्या पुढच्या एकाला ‘नजर लावण्याचा खांब’ अशाच अर्थाचं नाव आहे, मेत्सुके-बाशिरा. त्याच्यावरून नट आपण कुठे आहोत याचा अंदाज घेतो. हे तिने वाचलं होतं, टिपणात लिहिलंही होतं. पण मुखवट्यामागे उभं राहिल्यावर तिच्या वहीत जे वाक्य आलं ते वेगळं होतं. ‘इथे मला पायांनी पाहावं लागतं.’

त्यानंतर तिची चाल बदलली. आधी ती संथपणा दाखवत होती, आता ती जमीन चाचपत होती. मग ती मुखवट्याकडे वळली. तो किंचित वर उचलला की चेहरा उजळल्यासारखा होतो, त्याला ‘तेरासु’ म्हणतात. किंचित खाली झुकवला की झाकोळतो, ते ‘कुमोरासु’. हे आरशात पाहत करताना तिला कळलं की मान जरा जास्त गेली तरी सगळं फिसकटतं. म्हणून शरीर इतकं स्थिर, म्हणून चाल इतकी समतल. एकेक नियम दुसऱ्या नियमाच्या आधाराने उभा होता. दिलेल्या १५ मिनिटांत तिने हे सगळं मांडलं, स्वतः करून दाखवलं, आणि हेही सांगितलं की नोचे कलाकार लहानपणापासून जे शिकतात ते आपल्याला काही आठवड्यांत येणार नाही. आपण उंबरठ्यावर उभं राहून आत डोकावलो, एवढंच. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने दुसऱ्याच्या परंपरेबद्दल इतक्या आदराने आणि इतक्या नेमकेपणाने बोलावं, यासाठी मी हा विषय शिकवते. नुसता किमोनोसारखा पोशाख चढवून हळू चालणं तिला सहज जमलं असतं. तिने ते नाकारलं.

तुम्ही सिद्धांतांबद्दलही लिहिलंत, की नाटक करणाऱ्याला ब्रेख्त आणि स्तानिस्लावस्कीसारखे नाट्यविचारवंत वाचून काय करायचंय. सिद्धांत पुस्तकातून पुस्तकात जातात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा कोणीतरी खुर्चीत बसून दुसऱ्याचं काम डोळे भरून पाहिल्यामुळे आकाराला येतात. १९३१ मध्ये पॅरिसच्या वसाहती प्रदर्शनात फ्रेंच रंगकर्मी आर्तोने बालीचे नर्तक पाहिले आणि शब्दांवर उभ्या असलेल्या युरोपीय नाटकाबद्दलचा त्याचा असंतोष त्याला नेमका सापडला. १९३५ मध्ये मॉस्कोत ब्रेख्तने चीनचे मेई लानफांग पाहिले. स्त्रीभूमिका करणारा हा श्रेष्ठ नट भूमिकेत विरघळून न जाता ती दाखवत होता, स्वतःच्या हालचालींकडे जणू स्वतःच पाहत होता, आणि तरी प्रेक्षक जागचा हलत नव्हता. ब्रेख्तने पुढे यावर लिहिलं. मुलांना हे सांगितलं की त्यांच्या लक्षात येतं की सिद्धांत म्हणजे पाहणाऱ्याने केलेली कामाची नोंद. मग एकट्याचा प्रयोग रचताना ती ब्रेख्तच्या नाटकांत असायचे तसे फलक लटकवून ‘हे ब्रेख्त’ असं म्हणत नाहीत. म्हणजे आधी म्हणतात, दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. मग मी विचारते, फलक वाचून प्रेक्षकाला कोणता प्रश्न पडला? हे असं घडायलाच हवं होतं का, हा प्रश्न पडला नसेल तर तो फलक म्हणजे नुसता पुठ्ठा.

वह्या आणि अहवालांबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि ते मी माझ्याच चुकीतून शिकले. एका तुकडीला मी प्रत्येक तालमीनंतर तीन पानं लिहायला लावली. मला वाटलं, विचार करायची सवय लागेल. दोन महिन्यांत मुलं लिहायला सोयीचं पडेल तेवढंच करायला लागली. तालमीत कोणी वेडं धाडस करेना, कारण त्याचं समर्थन लिहावं लागलं असतं. नाटक गुदमरतं हा तुमचा शब्द त्या तुकडीला तंतोतंत लागू होता, आणि त्याची जबाबदारी माझी होती. आता आम्ही तालमीची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवतो. एक रेखाटन किंवा फोटो आणि दोन ओळी. आज काय करून पाहिलं, आणि उद्या काय बदलायचं. वर्षाअखेरीस अहवाल लिहिताना या दोन-दोन ओळीच उपयोगी पडतात. तुमच्या मुलीच्या शाळेत हे कसं चालतं ते जरूर विचारा. तिथे तालमींपेक्षा कागद जास्त आहेत असं दिसलं तर तुमची काळजी रास्त ठरेल.

सोप्या गुणांबद्दल थोडक्यात सांगते. एकट्याच्या प्रयोगाचं चित्रीकरण सलग असावं लागतं, कापाकापी करून जोडलेलं चालत नाही. आदल्या रात्री जागून पाठ करता येईल असं यात फारसं काही नाही. आणि गटाच्या नाटकात तर चार जणांची चार मतं सांभाळत, आपली सर्वात लाडकी कल्पना सोडून देऊन, तरी मनापासून काम करत राहायचं असतं. माझ्या पाहण्यात मुलं सर्वात जास्त रडतात ती याच टप्प्यावर. यात सोपं काय आहे, ते मला खरंच दिसत नाही.

राहिला तुमच्या मुलीचा निर्णय. तो मी इथून घेऊ शकत नाही, पण एक व्यवहाराची गोष्ट आधी पाहून घ्या. डिप्लोमात सहा विषय असतात आणि रंगभूमी सहाव्या, कलांच्या गटात येते. त्या जागी कलाविषय न घेता दुसरं शास्त्र घेता येतं. तिला वैद्यकीय शिक्षणाकडे जायचं असेल आणि तिच्या मनातल्या विद्यापीठांना रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र दोन्ही लागत असतील, तर रंगभूमीला जागा उरणं अवघड आहे. तसं असेल तर तुमचा विरोध बरोबर आहे, फक्त त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते तिला स्पष्ट सांगा. ‘तुझ्यात ते नाही’ असं सुचवू नका. हे वाक्य मुलं कित्येक वर्षं उराशी बाळगतात.

तशी अडचण नसेल, तर तुम्ही दोघांनी मिळून पाहिलेलं एखादं नाटक आठवा आणि तिला विचारा की त्यातला कुठला क्षण तिच्या लक्षात राहिला. मग विचारा, तेव्हा कोण कुठे उभं होतं, उजेड कुठून येत होता, शांतता किती वेळ टिकली, आणि ते नाटक तू बसवलं असतंस तर काय वेगळं केलं असतंस. घाई करू नका, तिला आठवू द्या. ती बसल्याजागी ‘छान होतं’ म्हणून थांबते, की खुर्च्या सरकवून उठून दाखवायला लागते, ते पाहा. आणि मला कळवा.