सेल आणि धाकटा मुलगा वेगळे घ्यावे लागतील

हल्ली आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून तोच फोटो येतो. एक कॅसेट, शेजारी एक पेन्सिल आणि खाली मजकूर : ‘या दोघांचं नातं ज्याला कळलं, त्याचं बालपण सोन्याचं!’ त्यावर झाडून सगळ्या आत्या-मावश्या डोळ्यांत बदाम असलेले चेहरे टाकतात. आमचा दादा तर ‘गेले ते दिवस’ लिहून मोकळा होतो. त्याला काय जातंय लिहायला? पेन्सिल फिरवायला मी होतो.

त्या काळची यंत्रं पुरी नसतच मुळी. कंपनी निम्मं यंत्र खोक्यात घालून द्यायची आणि उरलेलं निम्मं घरच्यांनी घालायचं, असा अलिखित करार असे. खोक्यावर ‘सेल वेगळे घ्यावे लागतील’ एवढं प्रामाणिकपणे छापलेलं असायचं. ‘धाकटा मुलगाही लागेल’ हे तेवढं छापायचं राहून गेलं. आमच्या घरी तो मी. शेंडेफळाचे लाड होतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरी टीव्ही नसावा.

आमच्याकडे टीव्ही आला तो १९८२ च्या एशियाडनंतर. देशात रंगीत टीव्ही आला, ज्यांना परवडलं त्यांनी तो घेतला आणि त्यातल्या एकांनी काढून टाकलेला कृष्णधवल बाबांनी आणला. लाकडी पेटी, सरकणारं शटर, शटरला कुलूप. शिवाय पोस्टात जाऊन काढायचं लायसन्स. रंगीत घेतला नाही याची रुखरुख बाबांनाही असणार, कारण थोड्याच दिवसांत त्यांनी पडद्यावर लावायची एक प्लास्टिकची रंगीत काच आणली. वर निळा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा. समुद्र, डोंगर असलं काही दिसलं तर ठीक होतं. एरवी बातम्या देणाऱ्या बाईंचे केस निळे, चेहरा नारिंगी आणि साडी कुठलीही नेसल्या तरी हिरवी. आजी त्यांना बरेच दिवस आजारी समजत होती.

पण खरी कामगिरी पत्र्यावर होती. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावर मनोरा उभारून ते पुण्यात आणलं. त्यामुळे पेठांतले सगळे अँटेने नैऋत्येला तोंड करून उभे असत. ते तोंड वाऱ्यानं, पावसानं किंवा एखाद्या जाडजूड कावळ्यानं जरासं फिरलं, की खाली पडद्यावर मुंग्या. मग बाबा नुसते माझ्याकडे बघत. सिंहगडाकडे इतका जीव लावून तानाजीनंतर मीच पाहिलं असेल. त्यांच्याकडे निदान घोरपड होती म्हणतात. मला दादाच्या खांद्यावर पाय देऊन चढावं लागे, आणि दादा खांदा मध्येच काढून घेई.

व्यवस्था अशी : मी पत्र्यावर, दादा जिन्याच्या खिडकीत, ताई टीव्हीसमोर आणि बाबा खुर्चीत. बाबा बघणार, ताई ओरडणार, दादा वर पोचवणार.

“थोडा डावीकडे!”

कुणाच्या डावीकडे? बाबांचं तोंड टीव्हीकडे, माझं सिंहगडाकडे आणि दादाचं समोरच्या गॅलरीकडे. (तिथे कोण उभी असायची ते इथे नको, वहिनी हे वाचतात.) तिघांची डावी बाजू तीन दिशांना. मी आपला एकीकडे फिरवायचो. “आलं, आलं!” ही हाक माझ्यापर्यंत पोचेपर्यंत तिच्या पाठोपाठ “गेलं!” निघालेलं असे. मी ‘आलं’वर थांबायचो, तेव्हा खाली ‘गेलं’ चालू असायचं. कधी चित्र यायचं पण दुहेरी. समोरच्या नव्या इमारतीवर आपटून येणारे तेच संदेश जरा उशिरा पोचायचे आणि बातम्यांच्या बाईंच्या मागे त्याच बाई फिकट होऊन उभ्या राहायच्या. आता निळ्या केसांच्या दोन.

आणि मग तो क्षण यायचा. चित्र लख्ख! खालून जल्लोष. मी हात सोडला की पुन्हा मुंग्या. धरला की लख्ख. यात चमत्कार काही नाही. माणसाचं अंग वीज वाहून नेतं, त्यामुळे अँटेन्याला चिकटून उभा राहिलेला माणूस अँटेन्याचाच भाग होतो. यागी आणि उदा या दोन जपानी प्राध्यापकांनी १९२६ च्या सुमाराला दांड्यादांड्यांचा हा अँटेना शोधला. त्यांच्या आराखड्यात सगळ्या दांड्यांची लांबी दिलेली आहे, माझी उंची नाही. बाबांनी मात्र ही त्रुटी ताबडतोब ओळखली. “तसाच धरून उभा राहा रे, गाणं संपेपर्यंत!” गाण्यांच्या कार्यक्रमातली गाणी मी पाहिली नाहीत. पण ऐकली मात्र आजूबाजूच्या सगळ्या खिडक्यांतून एकदम.

फोनच्या बाबतीतही तेच. मी शाळेत जायच्या आधी बाबांनी नंबर लावला होता. फोन आला तेव्हा मी आठवीत होतो. वाड्यातला पहिला फोन. महिन्याभरात आमचा नंबर वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाच्या नातेवाइकांकडे पोचला. कुणाच्या लग्नपत्रिकेवर, कुणाच्या नोकरीच्या अर्जावर आणि पुढे कंसात ‘पी. पी.’. तरुण मंडळींसाठी सांगतो, पी. पी. म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आपला आणि पाय माझे.

त्यातून रात्री अकरानंतर एसटीडीचा, म्हणजे परगावच्या फोनचा, दर पावपट व्हायचा. म्हणजे नाशिक, सोलापूर, इंदूरचे सगळे जिव्हाळे अकराच्या ठोक्याला उचंबळून येत. तळमजल्यावरच्या काकूंच्या बहिणीला तर अकरा वाजून एक मिनिटही धीर नसे. मला गदागदा हलवून उठवायचं, मी अंधारात जिने उतरून कडी वाजवायची, “काकू, इंदूर!” मग आत दिवा लागायचा. काकू केस सारखे करत. पदर नीट घेत. कपाळावरचं कुंकू आरशात एकदा बघत. फोनवर दिसत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण आमच्या बाबांसमोर यायचं होतं ना! तिकडे इंदूरच्या बूथमध्ये बिलाचे लाल आकडे पळत असायचे. अखेर काकू वर येऊन रिसिव्हर कानाला लावत आणि पहिलंच वाक्य म्हणत, “अगं, बिल होतंय, ठेव आता.” त्यावर पलीकडून “हो, ठेवते.” मग “ठेव”, “हो, तू ठेव”, “आधी तू” असं बरंच चाले, आणि कशासाठी फोन केला होता ते पत्रानं कळे.

बिल वाढलं तसं बाबांनी डायलच्या भोकात छोटं पितळी कुलूप घातलं. किल्ली जानव्याला. हे कुलूप ताईनं आठवड्याभरात निकालात काढलं. गोल डायल काय करतो? जो आकडा फिरवाल तितक्या वेळा लाइन क्षणभर तोडतो आणि जोडतो. तेच काम रिसिव्हर ठेवायच्या बटणावर टिचक्या मारूनही होतं. तीनला तीन टिचक्या, सातला सात आणि शून्याला दहा. ताल मात्र चुकता कामा नये, नाहीतर भलत्याच घरी लागतो. ताई शास्त्रीय गाणं शिकत होती याचा घरात झालेला हा एकमेव उपयोग. आमच्या आजच्या मेहुण्यांच्या नंबरात नऊ आणि शून्यच फार; तिचं बोट दुखायचं, पण निष्ठा ढळली नाही. मी दाराशी पहाऱ्यावर. बाबांची चप्पल वाजली की खोकायचं. कुलूप शेवटपर्यंत शाबूत राहिलं आणि बिलही शेवटपर्यंत वाढत राहिलं. बाबांनी खात्याला तक्रारीची लांबलचक पत्रं लिहिली. ती पोस्टात टाकायलाही मीच जायचो.

कॅसेटचं फोटोतलं नातं एकदा सांगून टाकतो. कॅसेटच्या चक्राला आतून सहा दात आणि पेन्सिलीला सहा बाजू, म्हणून ती घट्ट बसते. गोल पेन्सिल नुसती गरगरते. टेप हेडमध्ये गुंतली की ती अलगद सोडवून पेन्सिलीनं आत ओढायची, इथवर फोटो खरा आहे. पण रिवाइंड केलं की सेल लवकर उतरतात असा बाबांचा सिद्धांत होता. त्यामुळे दुकानातून यादी देऊन भरून आणलेली नव्वद मिनिटांची कॅसेट ऐकून झाली, की दुसऱ्या दिवशीच्या मैफलीसाठी ती मागे न्यायची माझ्याकडे. पंचेचाळीस मिनिटांचा यमन मी मनगटानं उलटा गुंडाळलेला आहे.

पेजरनं, म्हणजे नुसते लेखी निरोप दाखवणाऱ्या डबीनं, मला थोडी विश्रांती दिली. दादाला तो १९९६ मध्ये ऑफिसनं दिला, पट्ट्याला अडकवून तो डॉक्टरसारखा हिंडायचा. निरोप आधी ऑपरेटर मुलीला सांगावा लागे आणि आईला काही अनोळखी माणसाशी मोघम बोलता येत नाही. “हे बघ बाळ, लिही, येताना अर्धा किलो भेंडी, कोवळी बघून... तुमच्याकडे कशी आहे गं भेंडी?” दादाच्या पट्ट्यावर ऐन मीटिंगमध्ये किर्र वाजून एवढंच उमटायचं, ‘भेंडी, कोवळी.’

१५ ऑगस्ट १९९५ ला देशात इंटरनेट सर्वांना खुलं झालं, आमच्या वाड्यात पोचायला शतक संपत आलं. तोवर मला नोकरी लागली होती, पण घरातली जागा बदलली नव्हती. इंटरनेट जोडून देणारा मोडेम फोनच्याच तारेवर. किर्रर्र, खर्रर्र, टिंग-टिंग असा गळा साफ करून तो एकदाचा लागला, की कुणीही रिसिव्हर उचलायचा नाही. उचलला की सगळं मुसळ केरात. म्हणून फोनजवळ खुर्ची टाकून मी राखणीला. निवृत्त झालेले बाबा एका संध्याकाळी गुलाबाच्या फुलाचं चित्र उतरवून घेत होते. वरून एक-एक रेघ उमटत होती. पाकळ्या आल्या, देठ यायचा होता. घरातले सगळे मागे उभे.

तेवढ्यात दारात तळमजल्यावरच्या काकूंचा नातू. धापा टाकत.

“काका, तुमचा फोन आलाय आमच्याकडे. नागपूरच्या आत्या आहेत. म्हणतायत, दुपारपासून तुमचा फोन एंगेज लागतोय. रडतायत. विचारतायत, कोण गेलं?”

मी चपला शोधायला लागलो.

“थांब रे,” बाबा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, “देठ येऊ दे.”